रुपये-आणे-पै जोडणारे पास्कालचे यंत्र : घरच्या लेथवरील बांधणीचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये माझे सहा चाकांचे बेरीजयंत्र पूर्ण झाले. ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात केलेल्या गणनयंत्राच्या तत्त्वावर ते चालते, त्यात वीज किंवा इलेक्ट्रॉनिक भाग नाही, आणि ते रुपये, आणे व पै यांची बेरीज-वजाबाकी करते. जून २०२१ मध्ये मी हे काम हाती घेतले तेव्हा सुरुवात कोणत्या भागापासून करावी, कोणाकडे जावे आणि किती पैसे बाजूला ठेवावेत, हे सांगणारे मराठीत काहीच हाती लागले नाही. असे यंत्र बांधण्याची इच्छा असलेले, पण धातुकामाच्या नुसत्या विचारानेच मागे हटणारे वाचक असतील, या जाणिवेने ही हकीकत घडली त्या क्रमाने लिहीत आहे. मी पुण्यात एका करसल्लागाराच्या कार्यालयात नोकरी करते आणि यापूर्वी लेथला, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवत कापून आकार देणाऱ्या यंत्राला, कधी हात लावलेला नव्हता.

हे यंत्र निवडण्यामागे माझ्या कामाशी असलेले नाते होते. पास्कालचे वडील एत्येन हे फ्रान्समधील रूआँ येथे करवसुलीचे अधिकारी होते, आणि त्यांच्या आकडेमोडीचे ओझे हलके व्हावे म्हणून १६४२ च्या सुमारास, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पास्कालने या यंत्राचा विचार सुरू केला. १६४५ मध्ये त्याने ते फ्रान्सचे चान्सलर, म्हणजे राजाचे वरिष्ठ मंत्री, सेगिए यांना अर्पण केले आणि १६४९ मध्ये त्याला राजाकडून त्याच्या निर्मितीचा एकाधिकार मिळाला. आपण पन्नासाहून अधिक नमुने करून पाहिले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. हे वाक्य मी कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवले होते, कारण ज्या माणसाला ही रचना सुचली त्यालाही ती एवढ्या नमुन्यांनंतर साधली, तर माझ्या घाईला काहीच अर्थ नव्हता.

पास्कालची काही यंत्रे शुद्ध दशमान होती, तर काही पैशांच्या हिशेबाची होती. त्या काळच्या फ्रान्समध्ये १२ दनिएचा एक सोल आणि २० सोलचा एक लिव्र होत असे, म्हणून हिशेबाच्या यंत्रात उजवीकडचे पहिले चाक १२ घरांचे, दुसरे २० घरांचे आणि पुढची सगळी १० घरांची असत. ही माहिती वाचताच आपले यंत्र कोणते असावे हे माझ्यापुरते ठरले. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत १२ पैचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता. पास्कालने त्याच्या देशातल्या नाण्यांसाठी जे केले, तेच आपल्या जुन्या नाण्यांसाठी करता येणार होते. एक पैचे चाक, एक आण्यांचे आणि चार रुपयांची, अशी सहा चाके मी नक्की केली.

पहिले सहा महिने केवळ वाचन आणि रेखाटन यांत गेले. दिदरोने संपादित केलेल्या अठराव्या शतकातील फ्रेंच विश्वकोशात या यंत्राचे वर्णन आहे, आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर तशी जुनी पुस्तके विनामूल्य पाहता येतात. मला फ्रेंच येत नसल्यामुळे एका निवृत्त शिक्षिकेकडे शनिवारी बसून मी ते वर्णन वाक्यावाक्याने समजून घेतले. बांधणीच्या दृष्टीने हा वेळ सर्वांत मोलाचा ठरला, म्हणून यंत्र कसे चालते ते येथे जरा विस्ताराने सांगते.

वरच्या पत्र्यावर आऱ्यांची चाके असतात. हव्या त्या अंकासमोरच्या फटीत काडी घालून चाक अडसरापर्यंत फिरवायचे, जुन्या टेलिफोनची तबकडी फिरवत तसे. फरक इतकाच की हे चाक परत येत नाही. चाकाचा आस पेटीत खाली उतरतो. तेथे खुंट्या बसवलेले एक चाक काटकोनात असलेल्या दुसऱ्या खुंट्यांच्या चाकाला फिरवते आणि अखेर अंक कोरलेला दंडगोल खिडकीखाली सरकतो. येथवर कोणालाही जमेल. यंत्राचा प्राण आहे तो हातच्यात.

हातच्यासाठी डावीकडच्या चाकाच्या आसावर एक जड तरफ सैल बसवलेली असते. फ्रेंच वर्णनात तिला सोत्वार म्हटले आहे. उजवे चाक पुढे सरकत असताना त्याच्यावरच्या दोन खुंट्या या तरफेला हळूहळू वर उचलत नेतात. चाक शेवटच्या अंकावरून शून्यावर जाते त्या क्षणी खुंटी तरफेच्या टोकातून सुटते, तरफ स्वतःच्या वजनाने खाली पडते, आणि पडताना तिला जोडलेला खटका डाव्या चाकाची एक खुंटी ढकलून ते एका घराने पुढे नेतो. विल्हेल्म शिकार्ड या जर्मन प्राध्यापकाने १६२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरला पत्रातून कळवलेल्या यंत्रात हातचा एका दात्याने पुढे जात असे. तशा रचनेत ९९९९ मध्ये १ मिळवायचा झाला, तर सगळी चाके एकदम फिरवण्याचे बळ उजवीकडच्या पहिल्या चाकातूनच द्यावे लागते आणि चाकांची संख्या वाढली की यंत्र अडते. पास्कालच्या रचनेत प्रत्येक स्थान आपल्या हातच्याचे बळ आधीच साठवून ठेवते, त्यामुळे चाके सहा असोत की आठ, बोटाला लागणारा जोर वाढत नाही. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. चाके एकाच दिशेने फिरतात, आणि तरफ गुरुत्वाकर्षणावर पडत असल्यामुळे यंत्र सपाट पृष्ठभागावर ठेवूनच वापरावे लागते.

यातून माझ्या कामाचे धोरण ठरले आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगेन. सगळी अचूकता तरफ, तिचा खटका आणि त्याला लागणाऱ्या खुंट्या यांच्यावर खर्च करावी. पेटी, झाकण आणि खिडक्या यांत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी यंत्र चालते.

डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रसामग्रीचा शोध सुरू झाला. नवा छोटा लेथ परवडणारा नव्हता. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील जुनी यंत्रे लिलावात निघाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली. निविदा अर्ज ५०० रुपयांचा होता, अनामत रक्कम डिमांड ड्राफ्टने भरायची होती आणि पाहणीसाठी एकच दिवस दिला होता. त्या दिवशी ओळखीतल्या एका निवृत्त टर्नर (लेथ चालवणारे कारागीर) काकांना सोबत नेले. त्यांनी लेथच्या बेडवर, म्हणजे हत्यार ज्यावरून सरकते त्या मार्गांवर, बोट फिरवले, धातूचा तुकडा पकडणारा चक हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, बेड झिजलाय तो चकाजवळ. तुमचं काम बारीक आहे, तुम्हाला पुरेल." पॅन आणि आधार यांच्या प्रती, अनामत परत मिळण्यासाठी बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि शर्ती मान्य असल्याचे पत्र अशी कागदपत्रे अर्जासोबत लागली. मार्च २०२२ मध्ये बोली मान्य झाल्याचे कळले. लेथची किंमत ४२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि भंगार विक्री म्हणून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, भरावा लागला. तो टीसीएस पुढे आपल्या नावावरच्या आयकराच्या नोंदीत (तेव्हा फॉर्म २६एएस) दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे अशी खरेदी करणाऱ्यांनी विसरू नये. ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही तर दररोज भाडे लागते, आणि गेटपासवर वाहनाचा क्रमांक आधीच लिहून द्यावा लागतो, म्हणून टेम्पो ठरवल्यावरच पैसे भरावेत.

लेथ ठेवायचा होता तळमजल्यावरच्या आमच्या बंदिस्त गॅरेजमध्ये. त्यासाठी सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची परवानगी हवी होती. अर्जात मोटर अर्ध्या अश्वशक्तीची व एकेरी फेजची असल्याचे, त्याखाली रबरी पाय बसवणार असल्याचे आणि कोणताही व्यवसाय करणार नसल्याचे मी लिहून दिले. एका सदस्याला आवाजाची काळजी होती आणि ती रास्त होती, म्हणून निर्णय पुढच्या मासिक सभेवर गेला. तोवर मी समितीला गॅरेजमध्ये बोलावून लेथ चालवून दाखवला. मे २०२२ मध्ये ठराव झाला, अटी दोन : सायंकाळी सातनंतर यंत्र बंद आणि अग्निशामक नळकांडे जवळ. ठरावाची प्रत मागून घ्यावी. समिती बदलल्यावर मला ती उपयोगी पडली.

टर्नर काकांकडे रविवारी सकाळी शिकणे सुरू झाले. पहिले काही महिने त्यांनी मला यंत्राचा एकही भाग करू दिला नाही. पितळेच्या कांबीचे टोक सपाट करणे, एका मापाचे अनेक बुश, म्हणजे पोकळ नळीसारखे तुकडे, करणे आणि प्रत्येक मायक्रोमीटरने तपासून वहीत लिहिणे, एवढेच करायचे. त्या वहीतली मापे आठवड्यागणिक एकमेकांच्या जवळ येताना पाहण्यात मला जो आनंद मिळाला तो मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. पितळ घेताना सहज कापली जाणारी जात मागावी. भारतीय मानकात तिचा क्रमांक आयएस ३१९ आहे. पुण्याच्या बोहरी आळीत पितळ वजनावर मिळते आणि उरलेले तुकडे कमी भावात मिळतात, मात्र कोणत्या जातीचे आहे हे दुकानदाराला माहीत असतेच असे नाही. चुरा सुटा, बारीक कणांचा पडला तर ते आपल्या कामाचे, लांब वळणदार पट्ट्या निघू लागल्या तर ते पत्र्याकामाचे, ही काकांची परीक्षा मला प्रत्येक खरेदीत कामी आली.

या यंत्रातली एक गोष्ट नवशिक्याला फार दिलासा देणारी आहे. त्यात दात्यांचे गिअर नाहीत. चकतीवर समान अंतराने भोके पाडून त्यांत खुंट्या ठोकल्या की चाक तयार होते, त्यामुळे गिअर कापण्याची महागडी हत्यारे लागत नाहीत. भोकांची वाटणी मी अंशांच्या खुणा असलेल्या फिरत्या टेबलावर केली : दहा घरांसाठी ३६, पैच्या बारा घरांसाठी ३० आणि आण्यांच्या सोळा घरांसाठी साडेबावीस अंश. प्रत्येक कोन शून्यापासून मोजावा, मागच्या भोकापासून मोजू नये, म्हणजे चूक साठत जात नाही. खुंट्या २ मिलिमीटर जाडीच्या सिल्व्हर स्टीलच्या (हे चकचकीत पोलाद आहे, त्यात चांदी नसते) सळीच्या केल्या. एका स्थानातली सगळी चाके सारख्याच खुंट्यांची असतात. वेगळ्या संख्यांची गाठ पडते ती फक्त हातच्याच्या खटक्यापाशी, आणि सगळी अडचण तेथेच उभी राहते.

घड्याळजी वापरतात ते अत्यंत बारीक रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणारी हत्यारे, मला येथे हव्या त्या मापात मिळाले नाहीत, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये ते स्वित्झर्लंडमधून मागवले. पार्सल सीमाशुल्क तपासणीत थांबले. कुरिअर कंपनीने आधी आधारची प्रत घेतली, नंतर पैसे भरल्याचा पुरावा आणि माल वैयक्तिक वापरासाठी असल्याचे स्वाक्षरीचे पत्र मागितले. प्रत्येक कागद वेगळ्या ईमेलवर मागितला जात असल्याने तीन आठवडे गेले. हत्यारांची किंमत ६,८०० रुपये होती, शुल्क आणि हाताळणी मिळून आणखी सुमारे ३,००० लागले. शुल्क मालाच्या किमतीवर मोजताना त्यात वाहतूक खर्चही धरला जातो, म्हणून अनेक छोटी पार्सले मागवण्यापेक्षा एकच मोठी मागणी नोंदवावी आणि विक्रेत्याकडून प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी दाखवणारे बिल आधीच मागून घ्यावे. तीनही कागद एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवले तर हा काळ बराच कमी होईल.

नोव्हेंबर २०२२ पासून पुढचे काही महिने मी फक्त दोन चाकांच्या चाचणी-सांगाड्यावर काम केले. एक जाड पितळी पट्टी, त्यावर दोन आस, दोन चाके आणि मधली एक तरफ, बस्स. हा सांगाडा न बांधता थेट पूर्ण यंत्राकडे जाऊ नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण हातच्याची तरफ जुळवणे म्हणजे तरफेचे वजन आणि चाक थांबवणाऱ्या खटक्याचा घट्टपणा यांचा मेळ घालणे आहे आणि ते उघड्यावरच दिसते. प्रत्येक चाकाला मागे न फिरू देणारा आणि नेमक्या अंकावर थांबवणारा एक खटका असतो. तो फार घट्ट असला तर पडणारी तरफ डावे चाक ढकलू शकत नाही, अंक दोन घरांच्या मध्ये लटकतो. तो फार सैल असला तर तरफेच्या धक्क्याने चाक एकाऐवजी दोन घरे जाते. मी आधी थांबवणाऱ्या खटक्याची स्प्रिंग जेमतेम चाक धरेल इतकी हलकी केली आणि मग तरफेवर पितळेच्या चकत्या एकेक करून चढवत गेले. दशमान चाकांसाठी ३८ ग्रॅमवर हातचा दर वेळी नीट जाऊ लागला.

पैवरून आण्याकडे जाणाऱ्या तरफेचे गणित मात्र वेगळे निघाले. तरफ ज्या चाकाला ढकलते त्याच्याच आसावर फिरते, म्हणून तिच्या पडण्याचा कोन त्या डाव्या चाकाच्या एका घराएवढा लागतो. रुपयाच्या चाकासाठी तो ३६ अंश आहे आणि आण्याच्या चाकासाठी केवळ साडेबावीस. कमी उंचीवरून पडणाऱ्या तरफेत धक्का कमी असतो. वजन त्या प्रमाणात वाढवले तर साधारण ६० ग्रॅम लागावे, पण सोळा खुंट्या जवळजवळ असल्यामुळे त्यांच्यातली खाचही उथळ असते आणि थांबवणारा खटका कमी उचलावा लागतो, म्हणून ५२ ग्रॅमवर काम भागले. तरफ जेथे आपटते तेथे चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला. तो चपला शिवणाऱ्याकडून घेतलेला आहे आणि रबरापेक्षा उत्तम आहे, कारण रबरावरून तरफ किंचित उसळते आणि खटका पुढच्या खुंटीच्या मागे बसायच्या आत परत येतो. हातचा बरोबर गेला की दोन आवाज येतात, आधी तरफ चामड्यावर पडल्याचा बद्द आवाज आणि लगेच थांबवणारा खटका खुंट्यांमध्ये बसल्याची स्वच्छ टिचकी. फक्त पहिला आवाज आला तर अंक अर्धवट सरकला आहे, हे न पाहताही कळते.

मे २०२३ मध्ये मी मूळ यंत्रे पाहण्यासाठी पॅरिसला गेले. हा खर्च बांधणीसाठी अनिवार्य नाही आणि तो मी बांधणीच्या हिशेबात धरलेला नाही. शेंगेन व्हिसासाठी फेब्रुवारीत भेटीची वेळ घेतली आणि ती मार्चअखेरीची मिळाली. कार्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र, बँकेची विवरणे, आयकर विवरणपत्रे, किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा, राहण्याची आणि विमानाची आरक्षणे, आणि प्रवासाचा हेतू सांगणारे पत्र ही कागदपत्रे लागली. त्या पत्रात मी संग्रहालयाचे नाव आणि यंत्र पाहण्याचे कारण सरळ लिहिले. शुल्क तेव्हा ८० युरो होते, शिवाय अर्ज-केंद्राचा आकार. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि पासपोर्ट एप्रिलमध्ये परत आला.

कला व उद्योग संग्रहालय, म्हणजे म्युझे दे आर ए मेतिए, सेंट मार्टिनच्या जुन्या मठाच्या वास्तूत आहे, आणि ज्या संस्थेचे ते आहे तिची स्थापना १७९४ मधली आहे. तेथे पास्कालची एकाहून अधिक यंत्रे आहेत. काचेपुढे उभे राहून मी आऱ्या मोजल्या. बारा आऱ्यांचे चाक आणि त्याच्या शेजारचे वीस आऱ्यांचे दाट चाक डोळ्यांनी पाहिल्यावर आपली सोळा आऱ्यांची कल्पना योग्य वाटेवर आहे, अशी खात्री झाली. यंत्र किती लहान आहे हे चित्रांतून कळत नाही. एखाद्या लांबट दागिन्यांच्या पेटीएवढी वस्तू, आणि तिच्यातली प्रत्येक तरफ हाताने कानस मारून केलेली. मी तेथून बराच वेळ हलले नाही.

परतल्यावर पूर्ण यंत्राच्या दोन मुख्य पट्ट्या आणि वरचा पत्रा बाहेरून कापून घेतला. पितळ प्रकाश परावर्तित करते, म्हणून अनेक लेझर कटिंगवाले ते घ्यायला नकार देतात. फायबर लेझर असलेल्यांकडे विचारावे. पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याने काम घेतले, पण त्यांचा किमान आकार ४,००० रुपये होता, म्हणून मी त्याच आकारात चाचणीसाठी जादा पट्ट्याही कापून घेतल्या. आरेखन डीएक्सएफ या संगणकीय आरेखनाच्या फाईलमध्ये द्यावे लागते. आसांची भोके लेझरने पूर्ण मापाची कापून घेऊ नयेत. ती कमी मापाची ठेवून दोन्ही पट्ट्या एकत्र आवळाव्यात आणि घरी रीमरने एकदम मोठी करावीत, म्हणजे आस तिरपे बसत नाहीत.

दंडगोलांवर अंक कसे घालावेत हा प्रश्न फार काळ पडून होता. प्रत्येक दंडगोलावर अंकांच्या दोन रांगा लागतात, एक चढती आणि एक उतरती, कारण वजाबाकी पूरक अंकांनी करायची असते (चाकाच्या शेवटच्या अंकातून दिलेला अंक वजा केला की उरतो तो त्याचा पूरक). ४० मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलावर दहा अंकांना प्रत्येकी साडेबारा मिलिमीटर जागा मिळते, पण आण्याच्या दंडगोलावर सोळा संख्या बसवायच्या म्हणजे प्रत्येकीला जेमतेम पावणेआठ मिलिमीटर, आणि त्यांतल्या सहा दोन अंकी. ज्या दुकानात भांड्यांवर नाव घालून देतात तेथे मी दंडगोल घेऊन गेले. कारागिराने आधी एका जुन्या वाटीवर १० ते १५ एवढे अंक टोचून दाखवले, पुसट झाले म्हणून टोकाची सुई बदलली, आणि मग दंडगोल कापडात धरून हळूहळू फिरवत देवनागरी अंक असे सुबक घातले की छापील वाटावेत. जानेवारी २०२४ मध्ये या सगळ्या कामाचे त्यांनी ९०० रुपये घेतले. खाचांत काळे लाखेचे मेण भरून वरचा भाग पुसून घेतला.

सहा स्थानांची जुळणी फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४ अशी चालली. उजवीकडून सुरुवात करावी आणि एक तरफ पूर्णपणे विश्वासार्ह झाल्याशिवाय पुढची बसवू नये. पावसाळ्यात पोलादी खुंट्यांवर गंज दिसू लागला, तेव्हा सगळ्या खुंट्या काढून, घासून, पातळ तेलाचा हात देऊन पुन्हा बसवाव्या लागल्या. घड्याळाचे तेल फक्त आसांच्या टोकांना लावावे. तरफेच्या खटक्याला तेल लागले की धूळ धरते आणि खटका आळसावतो.

यंत्र शून्यावर आणण्यासाठी सगळी चाके शेवटच्या अंकावर न्यायची, म्हणजे ९९९९ रुपये १५ आणे ११ पै, आणि त्यात एक पै मिळवायची. ऑक्टोबरमध्ये हे पहिल्यांदा नीट झाले. पैच्या चाकाचा हातचा आण्याला, आण्याचा रुपयाला, आणि तो पुढे डावीकडे धावत शेवटच्या खिडकीपर्यंत गेला, प्रत्येक ठिकाणी ते दोन आवाज वेगळे ऐकू आले आणि सहाही खिडक्यांत शून्य उमटले. टर्नर काका त्या वेळी शेजारी होते. त्यांनी पुन्हा करायला सांगितले, आणि नंतर पुन्हा.

मग खऱ्या आकडेमोडीची तपासणी केली. १२ रुपये ७ आणे ९ पै यांत ५ रुपये १० आणे ६ पै मिळवल्यावर १८ रुपये २ आणे ३ पै आले. वजाबाकीसाठी खिडक्यांवरची पट्टी सरकवून पूरक रांग उघडायची. रुपयांच्या चाकांत पूरक ९ पासून, आण्याच्या १५ पासून आणि पैच्या ११ पासून मोजला जातो. पूरक रांगेत १८ रुपये २ आणे ३ पै दिसतील अशी चाके लावली, तेव्हा मुख्य रांगेत ९९८१ रुपये १३ आणे ८ पै होते. त्यात ५ रुपये १० आणे ६ पै मिळवल्यावर ९९८७ रुपये ८ आणे २ पै झाले आणि पूरक रांगेत १२ रुपये ७ आणे ९ पै दिसले. चाके मागे न फिरवता वजाबाकी करण्याची ही युक्ती पास्कालचीच आहे, आणि ती स्वतःच्या हाताखाली घडताना पाहणे हा या सगळ्या वर्षांतला माझ्यासाठी सर्वांत मोठा आनंद होता.

खर्चाचा हिशेब असा. लेथ करांसह सुमारे ५०,०००, फिरते टेबल ६,५००, पितळ व पोलाद ११,०००, परदेशी हत्यारे सुमारे १०,०००, स्थानिक हत्यारे, ड्रिल बिट आणि कानशी १४,०००, लेझर कटिंग ४,०००, कोरीव काम ९०० आणि सागवानी पेटी ७,००० रुपये. लेथ पुढे विकता येतो, म्हणून तो खर्च पूर्ण बुडीत धरण्याचे कारण नाही. एखाद्या कार्यशाळेत तासावर लेथ वापरायला मिळत असेल, तर दोन चाकांचा चाचणी-सांगाडा आठ-दहा हजारांत होईल, आणि आपल्याला हे काम आवडते की नाही हे तेवढ्यावर नक्की कळेल.

सध्या यंत्र घरी टेबलावर आहे. टेबल समतल नसेल तर डावीकडच्या दोन तरफा आळशीपणे पडतात, म्हणून पेटीच्या तळाला फिरवून उंची बदलता येणारे तीन पाय आणि झाकणात गवंड्याच्या पाणपातळीतली छोटी नळी बसवली आहे. आण्याच्या तरफेची खटक्याची स्प्रिंग पियानोच्या तारेची आहे, ती थोडी ताठ वाटते. पावसाळ्यापूर्वी ती एक नंबर बारीक तारेने बदलायची आहे, आणि ते करताना मोजलेली वजने व कोन वहीत आहेत तसे कोणाला हवे असतील तर देईन.